सह्याद्रीचा लव्हाळा बालाघाटात सापडला, तर?

प्रश्न: सर, मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बालाघाटात, सौताड्याच्या वरच्या अंगाला, उघड्या खडकावरच्या पाझरात मला एक बारीक लव्हाळा सापडला. ओळखीची किल्ली (एकेक लक्षण ताडत जातीच्या नावापर्यंत नेणारी प्रश्नमालिका) लावली तर फिम्ब्रिस्टायलिस या लव्हाळ्यांच्या प्रजातीतली अशी जात निघते, जी फक्त सह्याद्रीच्या पठारांवर असल्याचं सगळी पुस्तकं सांगतात. मराठवाड्यात तिची नोंद नाही. माझी ओळख चुकली असेल का? बरोबर असेल तर ही वनस्पती इतक्या लांब आली कशी? आणि पुढे मी काय करू? फोटो आणि दोन वाळवलेले नमुने सोबत पाठवते आहे.

उत्तर:

फोटो पाहिले, नमुनेही लेन्सखाली धरून पाहिले. आज मी तुम्हाला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. दोन्ही नमुन्यांवरची फळं कोवळी आहेत. पिकलं फळ हातात नसताना लव्हाळ्याच्या जातीवर भांडायचं म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. त्या जातीचं नाव मी या उत्तरात मुद्दामच लिहीत नाही. नाव एकदा बाहेर पडलं की त्याची नोंद होते, आणि चुकीची नोंद खोडायला वीस वर्षं लागतात. हे अनुभवाने सांगतो.

तुमचे विद्यार्थीही हे वाचतील, म्हणून दोन वाक्यं त्यांच्यासाठी. आपल्याकडे लव्हाळा म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे नागरमोथा येतो, खुरपून खुरपून हात दुखतात तरी गाठी जमिनीतच राहतात तो. पण हे कुटुंब फार मोठं आहे, जगात साधारण साडेपाच हजार जाती. गवतापेक्षा वेगळं ओळखायचं तर काडी दोन बोटांत फिरवा: गवताची काडी बहुधा गोल, पोकळ आणि पेरं असलेली, लव्हाळ्याची बहुधा तिधारी आणि आतून भरीव. गवताची पानं दोन रांगांत, लव्हाळ्याची तीन रांगांत, आणि लव्हाळ्याच्या पानाचं आवरण काडीभोवती नळीसारखं बंद. एवढं जमलं की कुटुंब ठरलं. जात ठरवणं हे निराळंच काम आहे.

आता तुमची पहिली शंका, ओळख चुकली असेल का.

फिम्ब्रिस्टायलिसच्या किल्ल्यांमध्ये सुरुवातीलाच एक फाटा असतो: काडीच्या टोकाला कणिशिका, म्हणजे फुलांचं बारीक कणीस, एकच, की अनेक? तुमच्या दोन्ही नमुन्यांत एकेकच आहे, म्हणून तुम्ही पहिल्या वाटेने गेलात. वाट चुकीची नाही. पण तुमची रोपं चार-पाच सेंटिमीटरची आहेत. खडकावर बोटभर माती, पावसात तीन आठवड्यांचा खंड, अशा जागी आपली रोजची फिम्ब्रिस्टायलिस डायकोटोमासुद्धा खुरटून एकाच कणिशिकेवर येते. एरवी तिला फांद्याफांद्यांचा पसारा असतो. खुरटलेलं रोप घेऊन किल्ली लावली की ती तुम्हाला बरोबर हात धरून सह्याद्रीत नेऊन सोडते. किल्ली लिहिणाऱ्यांनी भरपूर पावसातली रोपं पाहिलेली असतात, आपल्या माळावरची उपाशी रोपं त्यांच्या टेबलावर कधी आलेलीच नसतात.

मी स्वतः या खड्ड्यात पडलो आहे. नव्वदच्या दशकात अजिंठ्याच्या डोंगरात, अंतूर किल्ल्याच्या बाजूच्या पठारावर मला असाच एका कणिशिकेचा लव्हाळा सापडला. आठ दिवसांत टिपण लिहून तयार. शीर्षकात ‘अजिंठा डोंगररांगेतून प्रथमच’ वगैरे. पाठवण्याआधी एका ज्येष्ठांना दाखवलं. त्यांनी टिपण वाचलंच नाही. नमुन्याच्या पाकिटातलं एक फळ काढलं, कोमट पाण्यात टाकलं, चहा येईपर्यंत थांबले, मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बघायला सांगितलं. फळ दोन्ही बाजूंनी फुगीर, अंगावर उभ्या कण्या आणि कण्यांमध्ये आडव्या लांबट पेशींच्या ओळी. ‘डायकोटोमाच आहे,’ म्हणाले, ‘उपाशी आहे बिचारी.’ चहा पिऊन मी घरी आलो. ते टिपण अजून माझ्याकडे आहे. नवीन विद्यार्थी आला की त्याला आधी तेच वाचायला देतो.

म्हणून फळ. लव्हाळ्यातलं फळ म्हणजे मोहरीहूनही लहान, कठीण कवचाचा एक दाणा. आम्ही त्याला नटच म्हणतो. त्याच्यात चार गोष्टी पाहायच्या. एक, आकार: फळ दुधारी आहे की तिधारी. कुक्षीचे, म्हणजे फुलात पराग झेलणाऱ्या टोकाचे, फाटे दोन असतील तर फळ बहुधा दुधारी निघतं, तीन असतील तर तिधारी. दोन्ही जुळत नसेल तर आपलं मोजणं चुकलं असं समजून परत मोजा. दोन, फळाच्या टोकावर परागवाहिनीचा, म्हणजे कुक्षीखालच्या दांडीचा, बुंधा उरला आहे का. फिम्ब्रिस्टायलिसमध्ये तो गळून पडतो. बल्बोस्टायलिसमध्ये तो टोकावर बटणासारखा चिकटून राहतो. तुमच्या एका फोटोत पानाच्या आवरणाच्या तोंडाशी लांब पांढरे केस दिसल्यासारखे वाटतात. ते खरंच केस असतील आणि फळावर बटण सापडलं, तर अख्खी प्रजातीच बदलेल आणि सह्याद्रीचा प्रश्नच मिटेल. कोळ्याचं जाळंही असू शकेल म्हणा, फोटोवरून मी पैज लावणार नाही. तीन, फळाच्या अंगावरची नक्षी, म्हणजे पेशी षट्कोनी आहेत, आडव्या लांबट आहेत की अंगावर बारीक फोड आहेत. चार, रंग, पण रंगावर विश्वास शेवटी, कारण तो पिकण्याप्रमाणे बदलतो. पुंकेसर किती आहेत तेही मोजा, एक, दोन की तीन. या चार-पाच गोष्टी जुळल्या की मग कणिशिका एक असो की दहा.

आणि हे सगळं एका रोपावर नाही. त्याच पाझरातली लहान, मोठी, सावलीतली, काठावरची अशी निदान पंधरा-वीस रोपं पाहा. त्यांत एखाद्याला जरी तीन-चार कणिशिका फुटलेल्या दिसल्या, तरी माझ्या अंतूरच्या टिपणाशेजारी तुमच्याही टिपणाला जागा करून ठेवतो.

आता समजा फळं पिकली, तुम्ही पाहिली, आणि ओळख बरोबर निघाली. तसं होऊ शकतं, आणि मला ते अजिबात अशक्य वाटत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे.

‘फक्त सह्याद्रीत आढळते’ हे वाक्य पुस्तकात आलं कुठून? आपल्याकडच्या वनस्पतींचा पाया घातला तो हूकरच्या ब्रिटिश इंडियाच्या वनस्पतिसूचीने आणि मग थिओडोर कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या सूचीने. हूकरच्या ग्रंथातलं लव्हाळ्यांचं प्रकरण सी. बी. क्लार्क यांनी लिहिलं, १८९३-९४ च्या सुमारास. कूक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने आला. आता त्या ग्रंथाचं नावच पाहा: मुंबई इलाखा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. कूक यांच्या कामाची हद्द निजामाच्या हद्दीशी संपत होती. पुढे गॅम्बल आणि त्यांच्यानंतर फिशर यांनी मद्रास इलाख्याची सूची केली, १९१५ ते १९३६. त्यांची हद्दही पलीकडून निजामाच्या सीमेशीच थांबली. १९३० च्या दशकात ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी लव्हाळ्यांसकट मुंबई इलाख्याची फेरतपासणी केली, तीही इलाख्याचीच. दोन्हीकडून रस्ता डांबरी झाला आणि मधला तुकडा कच्चा राहिला, तसं आपलं झालं.

आता तुमची जागा नकाशावर पाहा. सौताड्यापासून जामखेड सायकलीवर जाण्याइतकं जवळ. जामखेड नगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे, सौताडा ज्या तालुक्यात येतं तो पाटोदा निजामाकडे. डोंगर एकच, दगड एकच, पाऊसही जवळपास तोच. पण जामखेडच्या बाजूला उगवलेली काडी कूक यांच्या पुस्तकात यायला हरकत नव्हती आणि दरीच्या या काठावरची काडी मात्र पुस्तकाबाहेर. वनस्पतीला कुठे माहीत होतं कुणाचा अंमल कुठवर आहे ते!

त्या काळातल्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर आणखी गंमत कळते. लंडनजवळचं क्यू वनस्पतिउद्यान आणि इतर ठिकाणच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या शीटवर एक छापील चिठ्ठी वारंवार दिसते: मलबार, कोकण वगैरे, संग्राहक स्टॉक्स, लॉ वगैरे. ‘वगैरे’ धरून अख्खा पश्चिम किनारा एका चिठ्ठीत! अशा नमुन्यावरून नंतरच्या प्रत्येक पुस्तकाने ‘कोकण व पश्चिम घाट’ असं उतरवून घेतलं. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने नकाशा रंगवला. त्या रंगाला आपण ‘आढळक्षेत्र’ म्हणतो.

मराठवाड्यात नीट वनस्पतीसंग्रह सुरू झाला तो विद्यापीठ आल्यावर. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९५८ मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ उघडलं. प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांची उस्मानाबादची सूची १९७९ ची, आणि अख्ख्या मराठवाड्याची दोन खंडांतली सूची १९९८ ची. म्हणजे कूक यांच्या शेवटच्या भागानंतर नव्वद वर्षांनी आपल्याला स्वतःची सूची मिळाली. आजचे आठ जिल्हे, तेही बहुतेक वेळा शिक्षकांच्या सुट्ट्यांत आणि एसटीने फिरून. म्हैसमाळ, गौताळा, वेरूळ या शहराजवळच्या जागा पुन्हा पुन्हा पायाखालून गेल्या. बालाघाटाच्या माळांवर तितकी पावलं पडली नाहीत, आणि तिथे गेलेल्यांनीही फुलं गोळा केली. लव्हाळ्यासाठी गुडघ्यावर बसणारा माणूस विरळाच. त्यातून लव्हाळ्याचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, तेव्हा महाविद्यालयांत परीक्षा.

तेव्हा ‘मराठवाड्यात नोंद नाही’ याचा अर्थ ‘मराठवाड्यात नाही’ असा कधीच घेऊ नका.

आणि बालाघाट ‘सह्याद्रीबाहेर’ आहे, हे तरी कितपत खरं? हरिश्चंद्रगडापासून निघालेली ही डोंगराची फांदी आहे. नगर, बीड, धाराशिव करत ती लातूरकडे सपाट होत जाते. तिकडे वर सातमाळा-अजिंठ्याची दुसरी फांदी. दगड तोच काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. फरक पाण्याचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे सरासरीने सातशे-साडेसातशे. पण लव्हाळ्याला सरासरी पाऊस कळत नाही, त्याला आपल्या मुळाशी ओल किती दिवस राहते एवढंच कळतं. सच्छिद्र थरातून मुरलेलं पाणी खालच्या अभेद्य थरावर आलं की तिथून बाहेर झिरपतं, आणि त्या दहा-वीस फुटांच्या पट्ट्यात जुलै ते ऑक्टोबर ओल टिकते. आजूबाजूला कुसळी गवत पिवळं पडलेलं असतं आणि या पट्टीत पानगेंदाची पांढरी टोपणं डोलत असतात. तेवढ्या जागेपुरता तिथे कोकण असतो. म्हणून सोबत काय उगवलं आहे ते नीट लिहा. तुमच्या पत्रात शेजाऱ्यांचा उल्लेखच नाही. पानगेंद, पाण्यातली रोटाला, लिंडर्निया असे सोबती असतील तर तुमच्या ओळखीची बाजू वजनदार होते. नुसतं कुसळी आणि मारवेल असेल तर मला पुन्हा डायकोटोमाचा वास येईल.

इतक्या लांब आली कशी? या प्रश्नाला दोन बाजू आहेत: ती आली, की ती इथलीच होती?

आधी ‘आली’. नदीने आणली म्हणावं तर पाणी वर चढत नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरहून निघून पैठणला येते, तिच्यासोबत सह्याद्रीतलं बी नाथसागरापर्यंत येऊ शकेल. पण तुमचा पाझर पाणलोटाच्या माथ्यावर आहे. त्याच तालुक्यात मांजरा उगम पावते. तिथून पाणी खाली जातं, तिथे येत नाही. गोदाकाठच्या दलदलीतल्या लव्हाळ्यासाठी मी नदीला मान देईन, माथ्यावरच्यासाठी नाही.

पक्षी? तळ्यातले लव्हाळे पक्ष्यांच्या पोटातून आणि पायांच्या चिखलातून लांब जातात यात शंका नाही. डार्विनने तळ्याचा तीन टेबलचमचे चिखल कपात ठेवून सहा महिने वाट पाहिली आणि त्यातून ५३७ रोपं मोजली. मोजत असताना एकेक रोप उपटत होता, म्हणजे चुकायला नको. तुमच्या खडकाजवळ पाझर तलाव असेल तर ही शक्यता उभी राहते. नसेल तर उघड्या खडकावर बदक कशाला उतरतंय?

मग जनावरं आणि माणसं. मला हीच शक्यता जास्त भेडसावते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला माणसं जातात, बैलगाड्यांसकट. दिवाळीच्या पुढेमागे निघायचं, सांगली-कोल्हापूर-साताऱ्याच्या फडांवर राहायचं, उन्हाळ्यात परत यायचं. बैलाच्या खुरात, गाडीच्या साटीत, चाऱ्याच्या पेंढीत काय काय येत असेल! मेंढपाळांचे वाडे कोकणात उतरून परत येतात, त्यांचंही तेच. तिसरी वाट नर्सरीची. केशर आंब्याची कलमं कोकणातून येतात ती लाल मातीच्या पिशवीसकट. धाराशिवजवळ एका बागेत मला आंब्याच्या आळ्यात कोकणातला एक लव्हाळा दिसला होता. बाहेर बांधावर तो नव्हता, शेजारच्या वावरात नव्हता, फक्त आळ्यात, आणि बुडाशी काळ्या जमिनीत लाल मातीची वर्तुळं. शेतकरी म्हणाला, ‘साहेब, झाडाबरोबर फुकट आलंय ते.’ त्याने माझं काम संपवलं. याला आढळक्षेत्राचा विस्तार म्हणत नाहीत. तेव्हा तुमच्या पाझराच्या आसपास अर्ध्या किलोमीटरवर बाग, रस्त्याचा भराव, वनीकरणाचे खड्डे, गाड्या सुटण्याची जागा यांपैकी काही आहे का, ते पाहून या.

आता ‘इथलीच’. लोणार सरोवराच्या गाळाचा अभ्यास झाला आहे. त्यातून दिसतं की होलोसीनच्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या काळाच्या, आरंभी मोसमी पाऊस आजच्यापेक्षा भक्कम होता, आणि साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी लांबलचक कोरडा काळ आला. ओल्या काळात सह्याद्रीचे लव्हाळे या फांद्यांवरून पूर्वेकडे पसरले असतील आणि कोरडं पडल्यावर जिथे जिथे पाझर टिकला तिथे तिथे मागे राहिले असतील, तर तुमची काडी पाहुणी नाही, जुन्या घरात एकटी राहिलेली म्हातारी आहे. ही कल्पना मला आवडते. आवडते म्हणूनच तिच्याकडे मी संशयाने पाहतो. ताडून पाहायचा साधा मार्ग असा: पाहुणी असेल तर एकाच जागी, वाटेच्या कडेला, एकाच झुबक्यात सापडेल. जुनी असेल तर वाट नसलेल्या, एकमेकांपासून तुटलेल्या तीन-चार पाझरांत सापडेल. पुढे कुणी सह्याद्रीतल्या आणि बालाघाटातल्या रोपांचे डीएनए ताडून पाहिले तर पक्कं कळेल, पण पायांनी होणारं काम आधी करावं.

एक सावधगिरी. पाझरातले वर्षायू, म्हणजे एका हंगामात उगवून संपणारे, लव्हाळे दुष्काळात दडी मारतात. पाटोद्याच्याच बाजूचा एक पाझर मी काही वर्षं पाहत होतो. २०१५ ला तिथे एक काडी नव्हती, माती तडकलेली. त्याच दुष्काळात पुढे लातूरला रेल्वेने पाणी आणायची वेळ आली. मी वहीत लिहून टाकलं, ‘नष्ट’. २०१६ च्या सप्टेंबरात दणकून पाऊस झाला आणि ऑक्टोबरात गेलो तर पाय ठेवायला जागा नाही, इतका लव्हाळा. बी मातीत वाट पाहत होतं. ‘नष्ट’वर काट मारली, ती काट अजून वहीत आहे. तेव्हा शेजारच्या पाझरात यंदा सापडली नाही तर लगेच ‘एकाच जागी’ असं लिहू नका.

लव्हाळ्यांच्या जगातली सगळ्यात बदनाम झालेली ‘आढळक्षेत्राबाहेरची’ नोंद स्कॉटलंडच्या रम बेटावरची आहे. न्यूकासलचे प्राध्यापक हेस्लॉप-हॅरिसन, रॉयल सोसायटीचे सदस्य, यांनी १९४० च्या दशकात तिथे केरेक्स बायकलर आणि इतर काही वनस्पती सापडल्याचं जाहीर केलं. हा केरेक्स आल्प्स आणि ध्रुवाकडचा. हिमयुगात ही बेटं बर्फाखाली पूर्ण गेली नव्हती, या त्यांच्या सिद्धांताला तो अगदी फिट बसत होता. १९४८ मध्ये केंब्रिजचे जॉन रेवन, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि हौशी वनस्पतिप्रेमी, स्वतः बेटावर गेले. त्या रोपांच्या मुळांशी त्यांना तिथे न शोभणारी, बागेतली वाटावीत अशी तणं दिसली. रोपं आणून लावलेली आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. अहवाल छापला गेला नाही, केंब्रिजच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पडून राहिला, आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक आल्यावर सगळ्यांना कळला. त्याच स्कॉटलंडमध्ये १९२३ साली बेन लॉअर्सच्या डोंगरात गर्ट्रूड बेकन आणि लेडी डेव्ही या दोन हौशी बायकांना केरेक्स मायक्रोग्लोकिन सापडला, ब्रिटनला नवा. बेकनबाई तोवर फुग्यांतून आणि एअरशिपमधून उडण्यासाठी नावाजलेल्या होत्या. त्यांची नोंद खरी होती. आजही तो तिथे उगवतो, कुणीही जाऊन पाहावा. प्राध्यापकी आणि मोठं पद एकीकडे, दोन हौशी बायका दुसरीकडे. मी तुमच्यावर शंका घेतो आहे असं मुळीच समजू नका, पण मुळांशी काय उगवलं आहे ते पाहायला मी का सांगतो, ते यावरून कळेल.

आता पुढचं काम. पाझर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सुकतो, म्हणून वेळ थोडा आहे. जागा नायगाव मयूर अभयारण्याच्या हद्दीत येते का, ते आधी विचारा. येत असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय एक काडीही उपटू नका. नसेल तर पाच-सहा रोपं मुळासकट घ्या. खाली आडवं खोड आहे, गाठी आहेत की नुसत्या तंतुमुळांचा झुबका, हे कळायला हवं. तुमचे पाठवलेले दोन्ही नमुने मातीच्या वर कापलेले आहेत, हा विद्यार्थ्यांना लावून दिलेला उद्योग दिसतो. वर्तमानपत्रात ठेवा आणि पहिले चार दिवस रोज कागद बदला, पावसाळी हवेत बुरशी लगेच धरते. पिकलेली फळं वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाची. चिठ्ठीवर गाव, तालुका, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, तुमचा संग्रह क्रमांक, आणि ‘पाणथळ जागा’ एवढंच नाही, तर पाझराची रुंदी, मातीची खोली, किती रोपं, सोबत कोण. पन्नास वर्षांनी तुमचा खडक शोधणाऱ्याला ‘वगैरे’ लिहिलेली चिठ्ठी मिळायला नको.

मोबाईलवरच्या ॲपने दिलेलं नाव चिठ्ठीवर लिहू नका. लव्हाळ्यात ते अंदाज असतात, आणि काही काही फारच विनोदी.

मग नमुने घेऊन हर्बेरियममध्ये जा. आपल्या विद्यापीठात आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात आहे, आघारकर संशोधन संस्थेत आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथे फक्त त्या जातीचा गठ्ठा मागू नका. डायकोटोमाचे गठ्ठेही मागा, आणि ‘अनोळखी फिम्ब्रिस्टायलिस’ असं लिहिलेले तर नक्की मागा. मूळ वर्णन वाचा, प्रकार-नमुन्याचा, म्हणजे जातीचं नाव ज्याच्यावर बांधलेलं असतं त्या मूळ नमुन्याचा, फोटो क्यूच्या संकेतस्थळावर मिळतो तो शेजारी ठेवा. माझ्या बाबतीत दोनदा असं झालं आहे की ‘नवी नोंद’ म्हणून आणलेली जात कपाटात तीस वर्षांपूर्वीच येऊन पडलेली होती, चुकीच्या नावाने. त्यातल्या एका शीटवरचं चुकीचं नाव माझ्याच अक्षरात होतं.

ओळख पक्की झाली तर एक नमुना आपल्या विद्यापीठात ठेवा, एक पुण्याला, आणि मग छोटं टिपण लिहा. ‘बीड जिल्ह्यासाठी प्रथम’ असलं शीर्षक नको. जिल्ह्याच्या रेषा माणसांनी आखल्या आहेत आणि नुकत्याच आखल्या आहेत. ‘बालाघाट रांगेतील पाझरांवर’ असं लिहा, त्यात अर्थ आहे. त्या माळावर पवनचक्क्यांचे रस्ते आणि मुरुमाचं खोदकाम चालू असेल तर तेही लिहा. खडकावरची बोटभर माती एका जेसीबीच्या दुपारी निघून जाते.

येत्या रविवारी जमलं तर जाच. जाताना सौताड्याच्या पलीकडच्या काठावर, जामखेडच्या अंगालाही उतरा आणि तिथले पाझर बघा. तिथेही ती सापडली तर कूक यांच्या हद्दीत असून त्यांच्याकडून सुटली असं होईल, आणि मग टिपणाची पहिली ओळच वेगळी लिहावी लागेल. पिकलेली दहा-बारा फळं कागदी पाकिटात घालून मला पाठवा, प्लास्टिकमध्ये नको, घाम धरतं. आणि पानाच्या आवरणाच्या तोंडाशी ते केस आहेत की कोळ्याचं जाळं, तेवढं जागेवरच बोटाने पुसून बघा.